साडूंचे राज्य: हार्लेम, जंजिरा आणि आपली घराणी



इस्रायल, इंग्लंड, कॅनडा, कुठेही राहणाऱ्या आपल्या माणसांना ॲम्स्टरडॅमचा विमानतळ ओळखीचा असतो. पुढचे विमान सुटेपर्यंत पाच-सहा तास हाताशी असले तर हार्लेम हे जुने गाव पाहून येता येते. ॲम्स्टरडॅमहून आगगाडीने ते पाव तासाच्या आसपास. आम्ही गेलो होतो फ्रान्स हाल्स या चित्रकाराची चित्रे पाहायला. परत येताना मात्र डोक्यात चित्रांपेक्षा नाती जास्त घोळत होती. कोण कोणाचा जावई, कोण कोणाचा व्याही, कोण कोणाचा साडू.

निमित्त झाले एका आडनावाचे. हाल्सने हार्लेमच्या ज्या एका गोतावळ्याची अनेक चित्रे काढली, त्या घराण्याचे आडनाव ओलीकान. डच भाषेत ओली म्हणजे तेल आणि कान म्हणजे चंबू. थोडक्यात, तेलाचा बुधला! कोकणात ज्यांना सारा गाव 'शनवार तेली' म्हणून ओळखत होता, त्यांच्या नातवंडांना हे आडनाव वाचून हसू येणारच. फरक एवढाच की आपल्या तेल्यांच्या हाती घाणा होता आणि ओलीकानांच्या हाती शहर होते.

शहर हाती होते म्हणजे काय? तिथे राजा नव्हता. मग एक गोतावळा पिढ्यान् पिढ्या सत्ता कशी टिकवतो? हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. आपण जंजिऱ्याच्या सिद्दींच्या, कुलाब्याच्या आंग्र्यांच्या, औंधच्या प्रतिनिधींच्या मुलखात राहिलो. आणि खरे सांगायचे तर आपल्या जमातीतही लहान लहान गाद्या होत्याच.

राजा नसलेले राज्य

सतराव्या शतकात डच मुलूख प्रजासत्ताक होता. ऑरेंज घराण्यातला स्टाटहाउडर असे, पण तो मुख्यतः सेनापती. शहराचा रोजचा कारभार शहराच्या सभेकडे. या सभेला फ्रुडस्खाप म्हणत, म्हणजे शहाण्यांची सभा. सभासद जन्मभरासाठी असत. एखादा वारला की त्याच्या जागी कोणाला घ्यायचे हे उरलेले सभासदच ठरवत. बर्गोमास्टर म्हणजे नगरप्रमुख, निवाडा करणारे पंच, खजिन्यावरचे अधिकारी, सगळे याच वर्तुळातले. विणकर, कोष्टी, हमाल यांचे मत कोणी विचारत नव्हते. या वर्तुळातल्या घराण्यांना रीजंट म्हणत.

हार्लेममध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या वर्तुळात बिअर बनवणारे प्रबळ होते. बिअर हे तेव्हा रोजचे पेय, कारण कालव्याचे पाणी पिण्याजोगे नसे. हार्लेमचे बिअरवाले समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांतले स्वच्छ पाणी होड्यांतून गावात आणत. बिअरवरचा कर हे शहराच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. म्हणजे बिअर बनवणारे तेच, आणि बिअरवर कर किती बसवायचा हे ठरवणाऱ्या सभेतही तेच. आपल्याकडे तेल काढणाऱ्यानेच तेलाची पट्टी ठरवावी, तसे हे झाले.

आता ओलीकानांचे नाते पाहा. पीटर याकोब्स ओलीकान हा बिअरवाला आणि हार्लेमचा बर्गोमास्टर. त्याची बायको मारित्ये फोख्त, तीही बिअरवाल्यांची लेक. मारित्येची बहीण कोर्नेलिया. तिचा नवरा निकोलास फान डर मेर हासुद्धा बिअरवाला आणि हासुद्धा बर्गोमास्टर. म्हणजे एका शहराचे दोन नगरप्रमुख एकमेकांचे साडू.

इंग्रजीला मेव्हणा, दीर, भावोजी आणि साडू या सगळ्यांसाठी एकच शब्द पुरतो. मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, म्हणून आपल्याला हे राजकारण चटकन कळते. हॉलंडच्या शहरांतून साधारण असा नियम होता की बाप आणि लेक, किंवा सख्खे भाऊ, एकाच वेळी सभेत बसू नयेत. नियम चांगला. पण तो रक्ताकडे पाहत होता. साडू, व्याही, जावई, मावसभाऊ, बायकोच्या बहिणीचा पुतण्या, इतक्या सगळ्यांना कोणता नियम अडवणार? दारातून भाऊबंदकी येऊ दिली नाही, तर खिडकीतून सोयरीक आत आली.

अठराव्या शतकात तर हॉलंडच्या शहरांतली ही घराणी आपसांत लेखी करारच करू लागली. यंदा बर्गोमास्टर तुमचा, पुढल्या खेपेला आमचा. टपालाची जागा तुमच्या मुलाला, वखारीची आमच्या जावयाला. अशा करारावर सह्या होत आणि तो पाळलाही जाई. कधी कधी वरून धक्का बसे. १६१८ मध्ये मॉरिस राजपुत्राने आणि १६७२ मध्ये तिसऱ्या विल्यमने हॉलंडच्या शहरांच्या सभांतून आपल्या विरोधकांना काढून दुसरी माणसे बसवली. पण ती माणसेही बहुतेक त्याच थरातली. दहा-वीस वर्षांत त्यांच्या लेकी-सुना एकमेकांत गेल्या आणि चाक पुन्हा जुन्या चाकोरीत आले.

चित्रातल्या बायका

फ्रान्स हाल्स म्युझियम ज्या इमारतीत आहे ती एके काळी गावातल्या म्हाताऱ्या पुरुषांचा आश्रम होती. या आश्रमाच्या विश्वस्तांची दोन मोठी चित्रे हाल्सने १६६४ च्या सुमारास काढली. एकात पुरुष विश्वस्त, दुसऱ्यात स्त्री विश्वस्त. तेव्हा तो स्वतः ऐंशीच्या घरात होता आणि शहराने दिलेल्या तनख्यावर जगत होता. त्या बायकांच्या काळ्या कपड्यांवरून आणि पांढऱ्या गळपट्ट्यांवरून नजर चेहऱ्यांवर गेली की कळते, इथे हुकूम कोणाचा चालत होता.

नगरसभेत स्त्रियांना जागा नव्हती. पण आश्रम, अनाथालय, इस्पितळ यांच्या कारभारात याच घराण्यांच्या बायका होत्या. कोणाला दाखल करून घ्यायचे, कोणत्या विधवेला लाकूडफाटा द्यायचा, हे त्या ठरवत. आणि त्याहून मोठे काम म्हणजे घराण्याला घराणे जोडण्याचे काम त्यांच्यावरूनच होत होते. मारित्ये आणि कोर्नेलिया या दोन बहिणींना वगळा, की दोन बर्गोमास्टर एकमेकांचे कोणीच लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट आम्हाला लक्षात ठेवावीशी वाटली. या बायकांची नावे आज आपल्याला माहेरच्या नावाने मिळतात. मारित्ये क्लासडॉखतर फोख्त, म्हणजे क्लासची मुलगी मारित्ये, फोख्तांची. लग्न ओलीकानांकडे झाले तरी फोख्त पुसले गेले नाही. या गोष्टीकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

ही कुटुंबीय मंडळी आज आपल्यासारखीच जगभर पांगली आहेत, निदान चित्रांच्या रूपाने. निकोलास आणि कोर्नेलिया ही १६३१ ची जोडी हार्लेममध्येच आहे. मारित्ये ॲम्स्टरडॅमला, तिचा नवरा पीटर अमेरिकेत फ्लोरिडात, मुलगा याकोब आणि सून अलेट्टा हेगला, आणि मुलगी मारिया आपल्या नवऱ्यासह ब्राझीलमध्ये साओ पाउलोला.

पन्नास कुटुंबांची अट

ही सभा आपल्या धर्मबांधवांशी कशी वागली? १६०५ मध्ये हार्लेमच्या नगरसभेने पोर्तुगीज यहुद्यांना गावात येऊन राहण्याची सनद देऊ केली. स्पेन-पोर्तुगालच्या इन्क्विझिशनमधून निसटलेले हे व्यापारी. त्यांच्याबरोबर व्यापार येईल हा हिशेब होता. शेजारच्या आल्कमार गावाने आदल्याच वर्षी असे केले होते. पण हार्लेमच्या सनदेला एक अट होती. ठरलेल्या मुदतीत पन्नास कुटुंबे आली पाहिजेत.

पन्नास कुटुंबे आली नाहीत. सनद कागदावर राहिली. पोर्तुगीज यहुदी ॲम्स्टरडॅमला गेले, आणि तिथे १६७५ मध्ये त्यांनी बांधलेले भव्य सिनेगॉग आज जग पाहायला येते. हार्लेमला यहुदी जमात उभी राहायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

अट माणसांची नव्हती, कुटुंबांची होती, हे ध्यानात घ्या. जे स्वतः गोतावळ्याने राज्य करतात ते समोरच्यालाही गोतावळ्यानेच मोजतात. एकटा माणूस त्यांच्या हिशेबात येत नाही.

हेगला गेलेले एक पत्र

हार्लेमहून हेगला आगगाडी तासाच्या आत पोचते. याच हेगमध्ये अठराव्या शतकात टोबियास बोआस नावाचे यहुदी सावकार राहत होते. त्यांना १७६८ मध्ये कोचीनहून एक पत्र आले. लिहिणारे एझेकिएल राहाबी. हे कोचीनचे मोठे व्यापारी आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचे तिथले प्रमुख दलाल. त्या पत्रात कोकणातल्या आपल्या लोकांचा उल्लेख आहे. मराठ्यांच्या मुलखात राहणारे, तेल गाळणारे, शब्बाथ पाळणारे आणि 'शमा' एवढीच प्रार्थना जाणणारे असे लोक. आपल्याविषयी जुन्या काळात जे लिहिले गेले त्यातले हे फार मोलाचे पत्र, आणि ते डच वाटेने गेले.

राहाबी हेसुद्धा घराणेच. बापाकडून मुलाकडे कंपनीचा विश्वास आला, त्याच्याकडून पुढच्या मुलांकडे. कोचीनच्या राजाकडे वजन, डचांकडे वजन, आणि सिनेगॉगमध्ये मान, तिन्ही एकाच घरात.

आपल्या जमातीत लहानपणापासून ऐकलेले दावीद राहाबी हे याच घराण्यातले, एझेकिएलचे पुत्र, असे अनेक अभ्यासक मानतात. आपली परंपरा त्यांना कित्येक शतके मागे नेते. काळ कोणताही धरा, परंपरेतली एक गोष्ट आपल्या विषयाला लागू आहे. दावीद राहाबींनी जमातीला धर्म शिकवायला तीन माणसे निवडली. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतली. हे पहिले काजी. गावोगाव फिरून लग्न लावणे, सुंता करणे, तंटे मिटवणे हे त्यांचे काम. निवड झाली होती शिकण्याच्या लायकीवरून. पण पुढे काजीपण बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. एकदा लायकी पाहून दिलेली जागा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला वतन होते. हार्लेम असो की झिराड, चाल एकच.

आंग्रे, सिद्दी, प्रतिनिधी

आपण ज्यांच्या राज्यात राहिलो त्यांचे काय?

अलिबाग, रेवदंडा, नागाव या भागावर आंग्र्यांचा अंमल होता. कान्होजी आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. ती नोकरी होती, पुढे ती घराण्याची दौलत झाली. आपल्यातल्या चुरीकर घराण्याची आठवण याच आरमाराशी जोडलेली आहे. पण आंग्र्यांची गादी एका धाग्यावर लोंबत होती. १८३८ मध्ये दुसरे रघोजी वारले, त्यांच्या मागे जन्मलेले मूल थोड्याच काळात गेले, आणि १८४० मध्ये इंग्रजांनी कुलाबा संस्थान खालसा केले. दत्तकाची मागणी मान्य झाली नाही. एका तान्ह्या मुलाच्या श्वासावर राज्य अवलंबून असणे म्हणजे काय, हे अलिबागने पाहिले. हार्लेमच्या ओलीकानांना हे भय नव्हते. मुलगा नसला तर जावई होता, जावई नसला तर साडूचा मुलगा होता. सरळ रेषेत चालणारे घराणे एका जागी तुटते. जाळे एका जागी फाटले तरी बाकीचे धरून राहते.

जंजिऱ्याची तऱ्हा तिसरी. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचा तो किल्ला आणि आसपासचा मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा मुलूख सिद्दींचा. दिवेआगर त्याच मुलखातले, म्हणून दिवेकर मूळचे सिद्दींची रयत. सिद्दी आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात पुष्कळ काळ मुलगाच गादीवर बसेल असा नेम नव्हता. सिद्दी सरदारांच्या मंडळात ज्याला मान्यता मिळे तो पुढे येई. म्हणजे हे राज्य एका बापाचे कमी आणि एका भावकीचे जास्त. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा हात आत शिरला. १८७९ मध्ये सिद्दी इब्राहिम खान वारले तेव्हा सतरा वर्षांच्या सिद्दी अहमद खानांना इंग्रजांनी गादीवर मान्य केले, आणि ते १९२२ पर्यंत नवाब होते. त्यांच्या मागून आलेल्या सिद्दी मुहंमद खानांच्या वेळी, १९४८ मध्ये, संस्थान विलीन झाले.

याच जंजिऱ्यात १८९१ ते १८९६ या काळात संस्थानचे कारभारी होते शालोम बापूजी इस्रायल, आपल्या वारघरकरांपैकी. ज्या मुलखात आपले पूर्वज घाणा चालवत होते त्या मुलखाचा दफ्तरखाना आपल्या माणसाच्या हाती आला. पुढे औंध संस्थानात खानबहादूर जेकब बापूजी इस्रायल यांनी कारभार पाहिला. दोन्ही नावांच्या मध्ये 'बापूजी' आहे हे वाचकांच्या नजरेतून सुटले नसेल. राज्य करणारे घराणे असते तसे कारभार करणारेही घराणे असते.

औंधचे घराणे तर नावातच सगळे सांगते. प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. छत्रपती राजारामांनी जिंजीला असताना हे पद निर्माण केले. पद परशुराम त्रिंबकांच्या घरात आले, स्थिरावले, आणि पदाचेच आडनाव झाले: पंतप्रतिनिधी. पेशवाईचेही तसेच. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना मिळालेली पेशवाई ही नोकरी होती. शंभर वर्षे ती एकाच घरात राहिली. औंधच्या शेवटच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, मात्र एक वेगळी गोष्ट केली. १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या यहुदी माणसाच्या मदतीने राज्यघटना अमलात आणली आणि सत्ता गावच्या पंचायतींकडे सोपवली. गादीवरच्या माणसाने आपण होऊन दार उघडल्याची अशी उदाहरणे फार थोडी.

१७९६

हार्लेमची रीजंट घराणी आपण होऊन उठली नाहीत. १७९५ च्या थंडीत फ्रेंच सैन्य आले, देशातले बंडखोर त्यांना मिळाले आणि जुन्या नगरसभा बरखास्त झाल्या. नव्या राष्ट्रसभेने २ सप्टेंबर १७९६ रोजी ठराव केला: यहुदी हे इतर सर्वांसारखे नागरिक. दोनशे वर्षे ज्यांना गावागावाने सनद देऊन किंवा नाकारून ठेवले, त्यांना आता सनदेची गरज उरली नाही. सोयरिकीचे राज्य गेले आणि दीड वर्षात परक्यांना घरचा हक्क मिळाला. या दोन गोष्टी एकामागोमाग आल्या हा योगायोग नव्हे. राज्य घराण्यांचे असते तेव्हा बाहेरचा माणूस पाहुणाच राहतो, कितीही पिढ्या राहिला तरी.

आणि त्याच १७९६ साली मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, यांनी आपल्या जमातीचे पहिले सिनेगॉग उभारले. शाआर हारहामीम, आपली जुनी मशीद. सामाजी इंग्रजांच्या पलटणीत अधिकारी होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. आपल्यासाठी १७९६ चा अर्थ हा की जमातीचा मध्य गावच्या काजीच्या ओटीवरून मुंबईच्या सिनेगॉगकडे सरकला. तिथे मुकादम आले, चौगुले आले, पुढे निवडलेल्या कमिट्या आल्या.

हार्लेमच्या यहुद्यांनी १८४१ मध्ये आपले सिनेगॉग बांधले. १९४३ च्या २ फेब्रुवारीला जर्मनांनी एका सैनिकाच्या हत्येचा सूड म्हणून दहा ओलिसांना गोळ्या घातल्या. त्यांत हार्लेमचे रब्बी फिलिप फ्रांक होते. त्यांच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षे तिथे रब्बी असलेले सिमोन दे फ्रीस १९४४ मध्ये बेर्गन-बेल्सनला गेले. त्या गावात कोणी गेलात तर या दोघांसाठी क्षणभर थांबावे.

आपल्या घरातले दार

इथवर दुसऱ्यांच्या घराण्यांबद्दल लिहिणे सोपे होते. आता आपले.

आपल्यात गोरे आणि काळे असे दोन भाग होते, हे नव्या पिढीला सांगितले तर ती दचकते. रंगाशी त्याचा थेट संबंध नव्हता. ज्यांची आई जमातीबाहेरची मानली जाई त्यांच्या वंशाला 'काळे' म्हणत. त्यांच्याशी सोयरीक नाही, आणि सिनेगॉगमध्येही मानपान वेगळा. नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकण्याचा अधिकार काजी आणि मुकादम यांच्याकडे. ज्याच्या हाती लग्न लावणे, त्याच्या हाती जमातीचे दार. आपल्याकडे ना किल्ला होता ना कर, तरी ही सत्ता खरी होती. माणसाच्या मुलीला स्थळ मिळेल की नाही हे ती ठरवत होती.

मग हेच दार आपल्या तोंडावर आले. इस्रायलमध्ये १९६२ च्या सुरुवातीला मुख्य रब्बीनेटने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या की बेने इस्रायलांचे लग्न इतरांशी लावण्यापूर्वी त्यांच्या आईच्या, आजीच्या, आणि शक्य तितके मागे जाऊन वंशाची चौकशी करावी. रामले, लोद, बीर शेवा, दिमोना इथल्या आपल्या माणसांनी ते सहन केले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, आणि सूचनेतून आपल्या जमातीचे नाव निघाले.

हा आपल्या इतिहासातला अभिमानाचा प्रसंग आहे, आणि तो आम्ही अभिमानानेच सांगतो. पण प्रामाणिकपणे एवढे म्हणायला हवे की 'तुझी आजी कोण होती?' हा प्रश्न आपण नवगावला आणि मुंबईला स्वतःही विचारला होता. आपल्याला तो विचारला गेला तेव्हाच त्याची धार कळली.

आज

घराण्यांचे वजन अजून संपलेले नाही. नेदरलंड्समध्ये रीजंटांच्या अनेक वंशजांना १८१४ नंतर पहिल्या विल्यम राजाने सरदारकी दिली, आणि उरलेल्या प्रतिष्ठित घराण्यांची वंशावळ छापणारे पुस्तक १९१० पासून निघत आहे. प्रजासत्ताकाच्या जागी राज्य आले ते आजवर आहे. भारतात १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तरी सातारचे उदयनराजे आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती हे लोकांच्या मतांनी लोकसभेत गेलेले आपण पाहिले. मत टाकणाऱ्याने घराण्याला मान दिला. फरक हा की तो मान परत घेण्याचा हक्कही त्याच्याकडे आहे. हार्लेमच्या विणकराकडे तो नव्हता.

आपल्या परदेशातल्या मंडळांत, सिनेगॉगच्या कमिट्यांत, तीच तीच चार आडनावे दिसतात. त्यात वाईट काही नाही. काम करणारी घरे कामच करत आली आहेत, त्यांच्यावाचून मलिद्याची ताटेही भरली नसती. पण जावई परका, सून दुसऱ्या देशाची, नातू मराठी न बोलणारा अशी घरे आता प्रत्येक गावी आहेत. त्यांना आपण पन्नास कुटुंबांची अट घालणार का, हे आपल्या हाती आहे.

शेवटी मारित्येकडे परत येतो. आपली आडनावे गावाची आहेत आणि ती बापाकडून येतात. केहिमकर, पेणकर, तळकर, नागावकर. त्यांवरून बापाचे गाव कळते, आई कुठली ते कळत नाही. केतुबात नवरीच्या बापाचे नाव असते, पण माहेरचे आडनाव बहुतेक घरांत दोन पिढ्यांत विसरले जाते. आणि हार्लेमने आम्हाला हेच दाखवले की घराण्याला घराणे जोडणारी गाठ तिथेच असते.

म्हणून एक विनंती. या शब्बाथनंतर घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा आणि तिच्या आईचे, आजीचे, जमले तर पणजीचे माहेरचे आडनाव आणि गाव वहीत लिहून घ्या. जमातीबाहेरून आलेली सासू असेल तर तिचेही, तिच्या भाषेतले नाव जसे आहे तसे. ही यादी कोणाला दाराशी अडवण्यासाठी करू नका. कोण कोणाचे सोयरे आहे, हे आपल्या नातवंडांना कळावे एवढ्यासाठी करा.